वचनाची चिठ्ठी आणि बावन्न रविवार: चर्चच्या वर्षाबरोबर शास्त्र वाचायला शिकताना

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्या मंडळीत वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात. स्टीलचा डबा, त्यात सुरळ्या केलेले रंगीत कागद, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा वर्षभरासाठी. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला बायबलातलं यिर्मया २९:११ लागलं. देवाच्या मनातले तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं ते वचन. त्याचं एमपीएससीचं वर्ष होतं. चिठ्ठी त्यानं टेबलासमोर भिंतीला चिकटवली. गाडी पूर्व परीक्षेतच अडली. पुढच्या ३१ तारखेला डबा त्याच्यापुढं आला तेव्हा त्यानं तो तसाच शेजारच्याकडे सरकवला आणि घरी परतताना स्कूटरवर मागे बसून मला विचारलं, "मावशी, मग ते वचन होतं कोणासाठी?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन अख्खा अध्याय काढला. तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजानं यरुशलेमेतली माणसं धरून नेली, त्यांना यिर्मया संदेष्ट्यानं मागून पाठवलेलं. पाचव्या वचनात तो सांगतो, तिथंच घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. सहाव्यात, मुलामुलींची लग्नं करा. दहाव्यात, सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुम्हाला परत आणीन. आणि मग अकरावं, चिठ्ठीवालं. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक जण बाबेलातच मातीआड झाले असणार. भाचा म्हणाला, "म्हणजे चिठ्ठीवर सत्तर वर्षं छापायची राहिली."

तेव्हापासून कोणी मला विचारलं की शास्त्रात आशा शोधायची तर सुरुवात कुठून करू, तर मी डबा पुढं करत नाही. चर्चचं वर्ष पुढं करते. आपण स्वतःहून कधी उघडली नसती अशी पानं ते आपल्यापुढं आणतं, आणि आवडतं वचन त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट वाचायला लावतं. मी पाळक नाही. नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात एका लहान मंडळीत शब्बाथ शाळा, म्हणजे शास्त्र शिकवण्याचा वर्ग, घेते, तिथं नव्यानं येणाऱ्या मोठ्या माणसांना जे सांगते तेच इथं लिहिलं आहे.

आधी आपण वर्षात कुठे आहोत ते पाहा

चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी. वर्षाचे खांब दोन. नाताळ २५ डिसेंबरला पक्का. ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मात्र चंद्रावर चालतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. इ.स. ३२५ च्या निकेयाच्या धर्मसभेत सगळ्यांनी ईस्टर एकाच दिवशी पाळायचा असं ठरलं, आणि पुढे हा हिशेब रुळला. चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढतात, त्यामुळे पंचांगाशी एखाददुसऱ्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण आपल्या माणसांना समजवायला पंचांगच सोपं. २०२४ मध्ये होळी झाली आणि त्याच आठवड्याच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ एप्रिलला, ईस्टर ५ ला. आमच्या शेजारच्या आजींना हे सांगितल्यापासून त्या दरवर्षी मला आधीच विचारतात, "यंदा तुमचा सण होळीच्या पुनवेला का चैत्राच्या?"

ईस्टर सापडला की बाकीचं मागेपुढे मोजायचं. ४६ दिवस मागे गेलात की राखेचा बुधवार, लेंटची म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात. त्यातले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो सण. तिथून पुढे नोव्हेंबरच्या शेवटापर्यंतचा लांबलचक काळ, ज्याला कॅथलिक लोक सामान्य काळ म्हणतात. एक वही घ्या आणि या तारखा पहिल्या पानावर लिहा. मोबाईलवर सगळं मिळतं हे मलाही माहीत आहे, तरी वहीच घ्या. कारण पुढे येईल.

मग कोणतं शुभवर्तमान चालू आहे ते

रविवारच्या नेमलेल्या पाठांच्या यादीला लेक्शनरी म्हणतात. कॅथलिक चर्चची सध्याची यादी १९६९ मध्ये आली. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तिच्याच धर्तीवर १९९२ मध्ये एक सामाईक यादी तयार केली. दोन्ही तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात. येशूच्या जीवनाची शुभवर्तमानं चार, त्यातलं एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान सणासुदीला आणि मधूनमधून येतो. यंदा कोणाचं वर्ष हे काढायची युक्ती अशी: इसवी सनाला तीननं भागा. बाकी एक उरली तर मत्तय, दोन उरली तर मार्क, काहीच उरलं नाही तर लूक. २०२६ ला भागलं तर बाकी एक, म्हणून मत्तय. फक्त आगमनकाळ सुरू झाला की पुढच्या सनाचा हिशेब धरायचा, म्हणजे नोव्हेंबर २०२६ च्या शेवटच्या रविवारपासून मार्क.

तुमच्या मंडळीची यादी थोडी वेगळी असेल. पाळकांना किंवा फादरांना विचारा, वर्षाची छापील यादी बहुतेकांकडे असते. काही मंडळ्या यादी पाळतच नाहीत, पाळकांच्या मनात येईल तो उतारा. तसं असलं तरी घरी यादीप्रमाणे वाचायला कोणाची हरकत नाही.

बायबल कोणतं घ्यायचं? मराठीत बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत असतं. भाषा जुनी आहे, पण कानाला फार चांगली, आणि मंडळीत मोठ्यानं तेच वाचतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे, टिपा आहेत, एकट्यानं वाचणाऱ्याला ते सोपं जातं. पुस्तकांची संख्या वेगळी दिसली तर गोंधळू नका, प्रॉटेस्टंट बायबलात ६६ आणि कॅथलिक बायबलात ७३ असतात. मी दोन्ही जवळ ठेवते. जिथं दोन भाषांतरांत शब्द बदलतो तिथं थांबायचं, हे मला फार उशिरा कळलं. उदाहरणार्थ, 'आशा'. हिब्रूत वाट पाहणं आणि आशा धरणं यांना एकच क्रियापद चालतं. यशयाच्या ४० व्या अध्यायाच्या शेवटी मराठी शास्त्र "परमेश्वराची आशा धरून राहणारे" म्हणतं आणि १३० व्या स्तोत्रात "प्रतीक्षा करतो" म्हणतं. मूळ शब्द तोच. शास्त्रातल्या आशेत थांबणं आधीच घातलेलं आहे, हे आपल्या भाषांतरांनी असं दोन शब्दांत वाटून घेतलं आहे.

रविवारचे पाठ गुरुवारी वाचा

रविवारी साधारण चार पाठ असतात: जुन्या करारातला एक, एक स्तोत्र, पत्रांतला एक, आणि शुभवर्तमान. नवखा माणूस ते पहिल्यांदा थेट चर्चमध्ये ऐकतो. एक वाचणारा घाईत, दुसऱ्याचा माईक खरखरतो, आणि मधे कोणाचं तरी बाळ रडत असतं. म्हणून गुरुवारी रात्री घरी वाचून घ्या. वीस मिनिटं पुरतात. मोठ्यानं वाचा, एकटे असलात तरी. शुक्रवार-शनिवारी नुसतं स्तोत्र पुन्हा वाचा. रविवारी मग तुम्ही ओळखीच्या माणसाला भेटायला गेल्यासारखे जाता.

वाचताना मी वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगते. बोलणारा कोण आणि कुठल्या अडचणीत आहे? तो कशाची वाट पाहतोय? आणि पाठ संपेपर्यंत त्याला ते मिळालं का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' येतं. सुरुवातीला लोक दचकतात. लिहीत राहा.

एक रविवार जवळून दाखवते: मत्तयाच्या वर्षातला आगमनकाळाचा दुसरा. पहिला पाठ यशया ११, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. कार्डांवर हे वचन हिरव्यागार पानाच्या चित्रासकट येतं. पण एक पान मागे उलटा. दहाव्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वर फांद्या छाटतोय, लोखंडानं रान तोडतोय, लबानोन कोसळतोय. बुंधा उरला आहे तो अशा तोडणीनंतर. आणि त्याच रविवारचं शुभवर्तमान मत्तय ३ आहे, ज्यात बाप्तिस्मा करणारा योहान ओरडून सांगतो की कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे. धुमारा आणि कुऱ्हाड एकाच सकाळी. मधला पाठ रोमकरांस पत्राच्या १५ व्या अध्यायातला. प्रेषित पौल म्हणतो, पूर्वी जे लिहिलं ते आपल्या शिक्षणाकरता, म्हणजे धीरानं आणि शास्त्राच्या उत्तेजनानं आपण आशा धरावी. आणि थोड्या ओळींनंतर त्याच इशायाच्या अंकुराची आठवण काढतो. धीर आधी, आशा मागून.

आमच्याकडे हा पाठ डिसेंबरात येतो तेव्हा बाहेर ऊसतोड चालू असते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या. फड तोडून झाला की शेत नवख्याला मेलेलं वाटतं: पाचट आणि बुडखे. खोडवा राखायचा असेल, म्हणजे त्याच बुडख्यांपासून पुढचं पीक घ्यायचं असेल, तर ते बुडखे पुन्हा जमिनीलगत छाटतात. वर राहिलेल्या कांडीवरचे डोळे फुटले तर फुटवा कमजोर निघतो, जमिनीखालच्या डोळ्यातून आलेला कोंब जोमानं वाढतो. एकदा वर्गात मी बुंध्याचं आध्यात्मिक स्पष्टीकरण देत होते, तेव्हा मागच्या बाकावरचे एक शेतकरी काका म्हणाले, "बाई, तुम्ही कधी बुडखा छाटलाय का? आमच्याकडे जेवढा खाली छाटाल तेवढं चांगलं." त्या दिवशीचा वर्ग त्यांनीच घेतला.

डिसेंबर, आणि त्यानंतरची न आवडणारी गोष्ट

आगमनकाळाचा पहिला रविवार नवख्यांची निराशा करतो. गव्हाण, मेंढपाळ काही नाही. तिन्ही वर्षांत त्या दिवशी शुभवर्तमान जगाच्या शेवटाविषयी बोलतं: जागे राहा, घडी ठाऊक नाही. तिसऱ्या रविवारी, मत्तयाच्या वर्षात, तोच बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि येशूला निरोप पाठवतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्यानं यार्देन नदीच्या काठावर येशूकडे बोट दाखवून हाच तो असं सांगितलं होतं, तोच विचारतोय. तुमच्या मनात असा प्रश्न असेल तर तो लपवू नका. आगमनकाळात त्याला जागा आहे.

घरी चार मेणबत्त्यांचं चक्र लावता आलं तर लावा, मुलांना मोजायला आवडतं. ही पद्धत हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिख विखेर्न या पाद्र्यानं १८३९ मध्ये सुरू केली. तो अनाथ मुलांचं घर चालवायचा, आणि मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यानं गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. आमच्याकडे चार पणत्या आणि एक पितळी ताट असतं. दिवाळीचा आकाशकंदील पण माळ्यावर टाकत नाही, तोच नाताळपर्यंत चालवतो.

नाताळ एका दिवसाचा नसतो, बारा दिवसांचा असतो. ६ जानेवारीचा मागी लोकांचा, म्हणजे बाळ येशूला पाहायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा, सण आला की संपतो. या बारा दिवसांतच मत्तय २ येतो, हेरोद राजानं बेथलेहेमातली बाळं मारली ती गोष्ट. केक संपायच्या आत. पुष्कळ मंडळ्या ती गाळतात, आणि मला ते पटत नाही. मत्तय तिथं यिर्मयाचं एक वचन देतो, राहेल आपल्या मुलांकरता रडते, सांत्वन घेत नाही, कारण ती नाहीत. मत्तय तिथंच थांबतो. तुम्ही यिर्मया ३१ काढा आणि पुढं वाचा. दोनच वचनांनंतर, सतराव्यात, तिला सांगितलं आहे की तुझ्या भावी काळाविषयी आशा आहे. ज्याचं मूल गेलं त्याच्यासमोर हे सतरावं वचन घाईनं वाचू नका. मत्तयानंही नाही वाचलं.

जानेवारी-फेब्रुवारीतले पाठ सोपे आहेत, येशूचा बाप्तिस्मा, शिष्यांना बोलावणं, डोंगरावरचं प्रवचन. वाचत राहा, त्यांना माझ्या मदतीची गरज नाही.

लेंट: राख आणि वाळलेली हाडं

राखेची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती हातानं करायची आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेल्या झावळ्या किंवा त्यांचे क्रूस लोक घरी फोटोमागे अडकवून ठेवतात. लेंटच्या आधीच्या रविवारी त्या परत आणायच्या. आम्ही चर्चच्या मागे जुन्या लोखंडी कढईत जाळतो. शिंदीची पानं तडतडत पेटतात आणि बघता बघता संपतात. मोठ्या टोपलीभर झावळ्यांची राख वाटीभर. ती चहाच्या गाळणीतून गाळायची, देठांचे तुकडे काढायचे, दोन थेंब तेल. बुधवारी तीच कपाळावर लागते आणि पाळक म्हणतात, तू माती आहेस, मातीला मिळशील. सगळ्या मंडळ्या राख लावत नाहीत. लावत नसतील तर योएलाचा दुसरा अध्याय आणि ५१ वं स्तोत्र घरी वाचा, त्या दिवशी तेच वाचतात.

लेंटमध्ये काय सोडायचं यावर लोक फार बोलतात. चहा, मटण, मोबाईल. मी नव्या माणसाला म्हणते, काही सोडायच्या आधी एक तक्रार-स्तोत्र धरा आणि चाळीस दिवस तेच वाचा. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. १३ वं लहान आहे, सहा वचनांचं, "किती वेळ" हा प्रश्न चारदा विचारणारं. बहुतेक विलाप शेवटी वळतात आणि स्तुतीवर येतात. ८८ वं मात्र वळत नाही, अंधारावरच संपतं. ते शास्त्रात ठेवलं आहे याचाच मला पुष्कळदा आधार वाटला आहे.

मत्तयाच्या वर्षी लेंटच्या पाचव्या रविवारी यहेज्केल ३७ येतो, वाळलेल्या हाडांचं खोरं. मुलांना हाडं खडखडत जुळतात तो भाग आवडतो. मोठ्यांनी अकरावं वचन पाहावं. लोक म्हणतात, आमची हाडं शुष्क झाली, आमची आशा नष्ट झाली. देव त्यांना, असं बोलू नका, असं म्हणत नाही. त्यांचंच वाक्य घेऊन पुढं बोलतो. त्याच दिवशीचं स्तोत्र १३०, पहारेकऱ्यांचं. रात्रपाळीचा पहारेकरी पहाटेची वाट पाहतो ती ओळ लागोपाठ दोनदा आहे. आमच्या वर्गात साखर कारखान्यात सिक्युरिटीला असलेले एक दादा आहेत. त्यांना विचारलं, दोनदा का? ते म्हणाले, "चार वाजले की घड्याळ पुढं सरकतच नाही, बाई."

तो आठवडा, आणि विशेषतः शनिवार

दुःखसहनाच्या आठवड्यात एक दिवसही चुकवू नका, असं मी एरवी कोणाला सांगत नाही, इथं सांगते. झावळ्यांच्या रविवारी होसान्ना, पवित्र गुरुवारी पाय धुणं आणि प्रभुभोजन, गुड फ्रायडेला बारा ते तीन वधस्तंभावरचे सात उद्गार. सामाईक यादीत शुक्रवारचं स्तोत्र २२ आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा" ही त्याचीच पहिली ओळ. शुक्रवारी रात्री घरी ते शेवटपर्यंत वाचा.

मग येतो शनिवार, ज्या दिवशी काहीच घडत नाही. चर्च बंद. बायका घरी ईस्टरच्या स्वयंपाकाला लागलेल्या असतात. पण सामाईक यादीत या दिवसालाही पाठ आहे, ईयोब १४, आणि माझ्या मते नव्या वाचकानं वर्षात एकच पान वाचायचं ठरवलं तर हे वाचावं. मुलंबाळं, मालमत्ता, सगळं गमावलेला ईयोब म्हणतो, झाडाचं बरं असतं. तोडलं तरी त्याला आशा असते. मूळ जमिनीत जुनं झालं, बुंधा मातीत सुकला, तरी पाण्याचा वास लागला की ते अंकुरतं. पण मनुष्य मरतो आणि पडून राहतो. आणि मग चौदाव्या वचनात तो विचारतो: मनुष्य मेल्यावर पुन्हा जिवंत होईल काय? उत्तर येत नाही. शनिवार तिथंच संपतो.

डिसेंबरात वहीत बुंध्याविषयी काय लिहिलं होतं ते आता काढा. वही म्हणून घ्यायला सांगितली होती.

माझ्या सासूबाई एका फेब्रुवारीत गेल्या. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी मला रोम ८:२८ ऐकवलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं ते. वचन खरं आहे. मला त्या दिवशी ते दारात ठेवलेल्या चपलेसारखं वाटलं, पाऊल अडखळलं. त्या वर्षीच्या पवित्र शनिवारी मी स्वयंपाक जावेवर सोपवला आणि ईयोब १४ वाचून कब्रस्तानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची मंडळी मेणबत्त्या घेऊन तिथंच जमते, कबरी आदल्या दिवशी साफ करून ठेवलेल्या असतात. योहान २० वाचतात. मरीया मग्दालिया रडत येशूकडे पाहते आणि तिला वाटतं, हा माळी आहे. सगळे त्या ओळीवरून पुढं जातात. मला तिथं ईयोबाचं झाड आठवलं.

पन्नास दिवस, मग पाऊस

ईस्टर पन्नास दिवसांचा असतो, उपवासापेक्षा मोठा, पण आपण सोमवारीच आटोपतो. या काळात जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये वाचतात. मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारी लूक २४ येतो, अम्माऊसच्या रस्त्यावरचे दोघं. ते अनोळखी माणसाला सांगतात, इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच अशी आमची आशा होती. होती. आशेचा भूतकाळ. आणि ज्याला सांगतात तो बरोबर चालत असतो, सगळं ऐकून घेतो, जेवायला थांबेपर्यंत ओळख देत नाही.

पेंटेकॉस्टनंतरचा काळ बहुतेक जण सोडून देतात, कारण सण नाहीत. मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. १२ जुलै २०२६ च्या रविवारचं पाहा. मत्तय १३, पेरणाऱ्याचा दाखला, आणि त्याच्या आधी यशया ५५, पाऊस आणि हिम आकाशातून पडतात आणि पेरणाऱ्याला बी देतात. जुलैचा दुसरा आठवडा. आमच्या अर्ध्या वर्गाची पेरणी झालेली असते आणि उरलेल्यांचं दुबार पेरणीवर बोलणं चाललेलं असतं. कॅथलिक यादीत त्याच दिवशी, दुसऱ्या यादीत पुढच्या रविवारी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय येतो: सृष्टी वेदना सोसत कण्हत आहे, आणि थोडं पुढं वाचलं की, जी दिसते ती आशा कसली, न दिसणाऱ्याची आशा धरायची तर धीरानं वाट पाहावी लागते. २८ वं वचन याच अध्यायात आहे. कण्हणं आधी वाचून मग तिथं पोचलं की ते पायात येत नाही.

आठवडे चुकतील. पावसाळ्यात वीज जाते, पाहुणे येतात, वही हरवते. चुकलेलं भरून काढायच्या मागे लागू नका, चालू रविवारपासून पुढं. पहिल्या वर्षी निम्मे रविवार झाले तरी पुष्कळ आहेत, पुढच्या खेपेला तोच पाठ तीन वर्षांनी पुन्हा येणार आहे. शक्य असेल तर दोघंतिघं मिळून वाचा. आमचा भाचा आता पुण्यात नोकरीला आहे, दर गुरुवारी व्हॉट्सॲपवर पाठाचा फोटो टाकतो आणि खाली एकच प्रश्न: "मिळालं का?"

वर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्त राजाचा, २०२६ मध्ये २२ नोव्हेंबरला. पोप पायस अकरावे यांनी हा सण १९२५ मध्ये घातला. मत्तयाच्या वर्षी त्या दिवशी २५ वा अध्याय, मेंढरं आणि शेरडं: मी भुकेला होतो, परका होतो, उघडा होतो. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा आलेल्या असतात, कोप्या उभ्या राहिलेल्या असतात, थंडी पडू लागलेली असते. आमच्या वर्गात त्या रविवारी वाचन लवकर आटोपतात, कारण चादरी वाटायला जायचं असतं.

आणि २९ नोव्हेंबरला पहिली पणती. पाठ यशया ६४, तू आकाश फाडून खाली उतरशील तर किती बरं होईल. वहीत नवं पान काढा. मार्काचं वर्ष सुरू होतंय, सगळ्यात लहान शुभवर्तमान, सोळाच अध्याय; आधी एका बैठकीत सगळं वाचून टाका, दीड तास लागतो. आणि झावळी फोटोमागेच राहू द्या, फेब्रुवारीत लागेल.